ऊसतोड महिला आणि ‘बर्नआउट’ : अर्ध्या कोयत्यावरचा पूर्ण भार

दसरा झाला की बीड, धाराशिव, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अनेक वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाच्या सीमाभागाकडे निघतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गेलेला कार्यकर्ता गावी परततो, तेव्हा शेजारच्या चार घरांना कुलूप लागलेले असते. ती कुलपे उघडतात ती थेट भीमजयंतीच्या आगेमागे. मधल्या चार ते सहा महिन्यांत त्या घरांतली माणसे उसाच्या फडात असतात आणि त्यांच्यात जवळपास निम्म्या महिला असतात.

‘बर्नआउट’ हा शब्द आज शहरातल्या कार्यालयांत सर्रास वापरला जातो. त्यावर व्याख्याने होतात, सुट्ट्या मिळतात, समुपदेशक नेमले जातात. ऊसतोडीच्या बाईची झीज मात्र ‘कष्टाचे काम आहे, थकणारच’ असे म्हणून सोडून दिली जाते. ती झीज नेमकी कशी होते, ती कोणत्या हिशेबातून तयार होते, तिच्यावर कायद्यात काय उपाय आहेत आणि गावातल्या कार्यकर्त्यांना काय करता येईल, याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

बर्नआउट म्हणजे काय?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये हा शब्द कामाच्या संदर्भात पहिल्यांदा शास्त्रीय लेखनात आणला. मोफत दवाखान्यात मनापासून राबणारे स्वयंसेवक काही महिन्यांतच कसे विझल्यासारखे होतात, हे त्यांनी मांडले होते. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. ती मुख्यतः परिचारिका, शिक्षक, समाजसेवक यांच्यासारख्या माणसांशी थेट संबंध येणाऱ्या व्यवसायांतून घडली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे. मात्र तेथे त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की जी अवस्था येते, तिला हे नाव दिले आहे. या अवस्थेची तीन अंगे सांगितली आहेत. पहिले, शक्ती पूर्ण संपल्याची भावना. दुसरे, कामापासून मन तुटणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे. तिसरे, आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे.

या व्याख्येतील एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. बर्नआउटचे मूळ कामाच्या ठिकाणी शोधायचे असते. माणूस कमकुवत आहे, म्हणून तो विझला, असे ही व्याख्या म्हणत नाही.

ऊसतोडीचे काम कसे चालते?

ऊसतोडीत कामगार मोजायचे एकक ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादम गावात येऊन जोडीला ‘उचल’ देतो. ही आगाऊ रक्कम पन्नास हजारांपासून लाखाच्या वरही जाते. लग्न, आजारपण, घराची डागडुजी, जुने देणे यांत ती हंगाम सुरू होण्यापूर्वीच खर्च झालेली असते. मग संपूर्ण हंगामभर ऊस तोडून ती फेडायची.

कारखाना आणि कामगार यांच्यात थेट नाते नसते. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम जोडीला उचल देतो. काही बिघडले की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. कामगाराच्या हातात बहुतेक वेळा कागदाचा तुकडाही नसतो.

मजुरी टनावर मिळते. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. आता साधा हिशेब करा. एका जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर जोडीचे ७३२ रुपये होतात. म्हणजे माणशी ३६६ रुपये. हे पैसे आठ तासांचे नाहीत. पहाटेपासून अंधार पडेपर्यंतच्या आणि अनेकदा रात्रीच्याही कामाचे आहेत.

या कामात कोणकोणत्या समाजांचे लोक आहेत, हेही पाहिले पाहिजे. वंजारी, बंजारा, मातंग, बौद्ध, पारधी, भूमिहीन मराठा असे अनेक समाज यात आहेत. समान धागा आहे तो कोरडवाहू किंवा नसलेल्या जमिनीचा आणि पावसाळ्यानंतर गावात काम नसण्याचा. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील दुष्काळ आणि पश्चिम महाराष्ट्रातील उसाचे पाणी हे या स्थलांतराचे दोन काठ आहेत.

बाईचा दिवस

फडावरची बाई पहाटे तीन-चारला उठते. कोपीत, म्हणजे पाचट-प्लॅस्टिकच्या तात्पुरत्या खोपट्यात, चूल पेटवून दोन वेळच्या भाकरी करते. पाणी लांबून आणते. लहान मूल असेल तर त्याला सोबत घेते किंवा थोरल्या मुलीच्या अंगावर टाकते. उजाडायच्या आत फडात पोहोचायचे असते.

तिथे साधारणपणे पुरुष ऊस तोडतो आणि बाई पाचट काढते, ऊस साळते, मोळी बांधते. अनेक ठिकाणी बायाही कोयता चालवतात. ‘डोकी सेंटर’ असेल तर तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढून ट्रक भरावा लागतो. फळी ओली असते, खाली चिखल असतो, बाई कधी गरोदर असते. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठून भरायची. तोडणी संपल्यावर उसाचे वाढे गोळा करून, पेंढ्या बांधून विकायच्या, म्हणजे मिठामिरचीचे पैसे सुटतात. नंतर पुन्हा चूल, धुणी, भांडी.

घरकामाचा हा दुसरा पाळा देशभरातल्या बायांना चुकलेला नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. ऊसतोडीच्या बाईला हे जवळपास पाच तास फडावरच्या दिवसातूनच काढायचे असतात. ते निघतात तिच्या झोपेतून.

याच्या मुळाशी आधीच अशक्त असलेले शरीर आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे हंगामाला निघतानाच निम्म्याहून अधिक बायांच्या रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन नसण्याची शक्यता असते.

तीन लक्षणे, फडावरून पाहिलेली

जागतिक आरोग्य संघटनेची तीन अंगे ऊसतोडीला लावून पाहिली की काही गोष्टी स्पष्ट होतात.

*शक्ती संपणे.* कार्यालयातला माणूस थकला की कामाचा वेग कमी होतो, रजा पडते. इथे तसे होत नाही. उचल फिटेपर्यंत कोयता थांबवता येत नाही. ‘खाडा’ पडला, म्हणजे एक दिवस काम चुकले, तर मजुरी बुडते आणि अनेक ठिकाणी मुकादम वर दंडही लावतो. त्यामुळे थकवा कामात दिसत नाही, तो शरीरात साठत जातो. ‘अंग मोडून आलंय’, ‘हातपाय गळाले’, ‘कंबर धरली’, ‘डोकं बधिर झालंय’ या तक्रारी आपण किरकोळ समजतो. त्या दिवसेंदिवस टिकत असतील, झोपूनही जात नसतील, तर ती झीज आहे.

*मन तुटणे.* इंग्रजी पुस्तकांत याचे लक्षण म्हणून कामाविषयीचा कडवटपणा सांगतात. फडावरची बाई कामावर टीका करत बसत नाही, तिला तशी मुभाच नाही. तिचे मन तुटते ते स्वतःपासून. दुखणे सांगणे बंद होते. पाळीच्या तारखेचे भान राहत नाही. पोरांवर विनाकारण ओरडणे वाढते किंवा अगदी गप्प बसणे वाढते. ‘आता काय व्हायचं ते होऊ दे’ हे वाक्य वारंवार येते. घरच्यांना वाटते बाई समंजस झाली. खरे तर ती आतून विझत चाललेली असते.

*आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे.* हे अंग ऊसतोडीत सर्वांत बोचरे आहे. कारण तिचे काम तिच्या नावावर मोजलेच जात नाही. उचल नवऱ्याच्या नावे, हिशेबाची वही मुकादमाकडे, अंगठा किंवा सही पुरुषाची. बाईने किती मोळ्या बांधल्या, किती वाहिल्या याची नोंद कुठेही नाही. हंगाम संपल्यावर ‘यंदा फिटलं का?’ हा प्रश्न नवऱ्याला विचारला जातो. जिच्या श्रमाची नोंदच नाही, तिला आपल्या श्रमाची किंमत वाटावी तरी कशी?

एक वैद्यकीय सूचना इथे आवश्यक आहे. सतत थकवा, धाप, चक्कर, उदासी यांची कारणे रक्तक्षय, थायरॉइड, क्षयरोग, मधुमेह किंवा नैराश्य अशीही असू शकतात. म्हणून ‘ताण आहे’ असे म्हणून कुणालाही परत पाठवू नये. आधी रक्ततपासणी, मग चर्चा.

शरीरालाच कामाप्रमाणे बदलले तेव्हा

या झिजेचे सर्वांत भयंकर रूप २०१९ मध्ये राज्यासमोर आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याच्या बातम्या आल्या. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये देशाचे हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे.

हे घडते कसे? फडावर शौचालय नाही, स्वच्छ पाणी नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, पाळीत जास्त रक्त जाते. सरकारी दवाखाना लांब, खाडा परवडत नाही. गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात गेले की औषधोपचाराआधीच ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते. वय अनेकदा पंचविशी-तिशीतले. मुले झालेली. पिशवी गेली की पाळी नाही, पाळी नाही की खाडा नाही, असा हिशेब घरातही मांडला जातो. शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढले जाते आणि ते फेडायला पुढच्या हंगामाची उचल घेतली जाते. ज्या कामाने शरीर मोडले, ते शरीर दुरुस्त करायला पुन्हा त्याच कामाकडे जावे लागते.

शस्त्रक्रियेनंतर पुरेशी विश्रांती मिळत नाही. बीजाशयेही काढली असतील तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, घाम, धडधड, निद्रानाश, चिडचिड सुरू होते. म्हणजे थकवा संपावा म्हणून केलेल्या उपायाने थकवा कायमचा होतो.

इथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. बाईला पाळी येते, ती गरोदर राहते, तिला दुखते हे गृहीत धरून कामाचे तास, सोयी आणि सुट्ट्या आखायला हव्या होत्या. ते झाले नाही. काम जसे होते तसेच राहिले आणि बाईचे शरीर त्याच्या मापाचे करून घेतले गेले. बर्नआउटची चर्चा या मुद्द्यापर्यंत आली नाही तर ती अपुरी आहे.

या प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करण्याचे निर्देश दिले.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कसा पाहिला?

स्त्री कामगाराच्या विश्रांतीचा प्रश्न आंबेडकरी चळवळीला नवा नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा सुरू होती. बाबासाहेबांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे सबंध समाजाच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. खर्चाचा भार प्रामुख्याने सरकारने उचलायला हवा हे त्यांना मान्य होते. पण स्त्रियांच्या श्रमातून मालक फायदा मिळवतो, म्हणून त्यानेही आपला वाटा उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्यांना या भेदाबद्दल जाब विचारणारे बाबासाहेबच होते. आणि त्याच बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध इतर कामगार नेत्यांसोबत संयुक्त संप केला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. याच काळाच्या अखेरीस, १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

बाबासाहेबांच्या या कामातून एक पद्धत दिसते. थकलेल्या कामगाराला त्यांनी धीर धरायला सांगितले नाही. कामाचे तास, पगार, रजा, जबाबदारी यांची बाब कायद्यात आणली. ऊसतोडीच्या बाईपर्यंत ती पद्धत अजून पोहोचायची आहे.

आजचे कायदे आणि योजना : काय आहे, कुठे अडते

*समान वेतन.* समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ पासून आहे. आता तो वेतन संहितेत समाविष्ट झाला आहे. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आल्या. पण जोडीला एकच मजुरी दिली जात असेल तर बाईचे वेतन वेगळे दिसतच नाही, मग समानता मोजणार कशी? म्हणून पहिली मागणी ‘बाईच्या नावे वेगळी नोंद’ हीच असायला हवी.

*स्थलांतरित कामगार.* आंतरराज्य स्थलांतरितांसाठी कायद्यात तरतुदी आहेत. बीडहून बेळगावला गेलेली टोळी त्यात बसू शकते. बीडहून कोल्हापूरला गेलेली टोळी मात्र राज्याच्या आतच असते. अंतर तेवढेच, हालही तेवढेच, पण संरक्षण वेगळे.

*वेठबिगारी.* वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. आगाऊ पैशांच्या बदल्यात माणसाला काम सोडून जाण्याचे स्वातंत्र्य उरले नाही तर तो या कायद्याचा विषय होतो. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करायला लागणे हे संविधानाच्या कलम २३ नुसार सक्तीचे श्रम ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड कामगारांच्या प्रकरणात म्हटले आहे. उचल फिटली नाही म्हणून टोळीला अडवून ठेवले, मारहाण केली, बाईला किंवा मुलाला ओलीस ठेवले, तर जिल्हाधिकारी आणि पोलीस दोघांकडेही लेखी तक्रार करावी.

*लैंगिक छळ.* २०१३ चा कायदा असंघटित क्षेत्रातील महिलांनाही लागू आहे. मुकादम, वाहनचालक, शेतमालक यांच्याविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करणे अपेक्षित आहे. छळाची भीती हा झिजेचा मोठा भाग आहे. बाई रात्री लघवीलाही एकटी जाऊ शकत नाही, पाणी कमी पिते आणि त्यातून मूत्रमार्गाचे विकार होतात.

*प्रसूती.* प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. नोंदणी गावी असताना करून ठेवावी. लसीकरण आणि गरोदरपणातील तपासण्या स्थलांतराच्या ठिकाणच्या आरोग्य केंद्रातही होऊ शकतात, त्यासाठी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत हवे.

*कल्याण महामंडळ.* लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळप झालेल्या उसावर टनामागे १० रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारकडून, अशी निधीची व्यवस्था ठरली. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुला-मुलींसाठी एकूण ८२ वसतिगृहे मंजूर झाली. हा मुद्दा बाईच्या झिजेशी थेट जोडलेला आहे. मूल गावी सुरक्षित शिकत असेल तर फडावर आईचा अर्धा घोर कमी होतो, आणि थोरल्या मुलीची शाळाही सुटत नाही.

*यंत्रे.* हार्वेस्टरची संख्या वाढते आहे. कष्ट कमी होतील हे खरे, पण जिची नोंद कामगार म्हणून झालीच नाही, तिला यंत्र आल्यावर पर्यायी काम किंवा भरपाई मागायला आधार राहणार नाही. नोंदणीची घाई यासाठीही आहे.

कार्यकर्त्यांसाठी कामाचे वेळापत्रक

आपल्या चळवळीचे वर्ष आणि ऊसतोडीचे वर्ष एकमेकांत चांगले बसतात. त्याचा उपयोग करून घ्यावा.

*वर्षावास (आषाढी ते अश्विनी पौर्णिमा).* या तीन महिन्यांत बाया गावात असतात आणि विहारात संध्याकाळी जमतात. वर्षावासाच्या मालिकेतील एक-दोन संध्याकाळी या विषयाला द्याव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून हिमोग्लोबिन तपासणीचे शिबिर विहारातच घ्यावे. आशाताईंना बोलवावे. रक्तक्षय असेल तर हंगामाला निघण्यापूर्वी उपचाराला दोन-तीन महिने हाताशी असतात. पुरुषांनाही या बैठकीला बसवावे, कारण चूल-पाण्याची वाटणी हाही विषय आहे.

*दसऱ्याआधीचा पंधरवडा.* हा कागदांचा काळ आहे. ग्रामपंचायतीकडून ऊसतोड कामगार म्हणून नोंद आणि ओळखपत्र, ई-श्रम नोंदणी, रेशनकार्ड, बाईचे स्वतःचे बँक खाते हे पाहावे. नोंद करताना नवरा-बायकोची दोन वेगळी नावे टाकून घ्यावीत, ‘एक जोडी’ असे लिहू देऊ नये. उचलीची रक्कम, तारीख, मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव एका वहीत लिहून त्याचा फोटो गावातल्या कार्यकर्त्याकडे ठेवावा. रेशन दुसऱ्या जिल्ह्यातही उचलता येते, हे सांगावे.

*हंगाम.* प्रत्येक टोळीतल्या एका बाईला प्रथमोपचार पेटी, लोहाच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड यांची जबाबदारी द्यावी आणि तिचा फोन चालू राहील अशी व्यवस्था करावी. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे जिल्ह्यांतील बौद्ध युवक मंडळांनी आपल्या गावाशेजारच्या कोप्यांवर ६ डिसेंबर आणि ३ जानेवारी या दोन तारखांना तरी जावे. खाऊ वाटून फोटो काढण्यासाठी नव्हे, तर तीन प्रश्न विचारण्यासाठी : शौचाला आणि अंघोळीला आडोसा आहे का, प्यायचे पाणी कुठून येते, कुणी आजारी किंवा गरोदर आहे का. उत्तरे लिहून कारखान्याच्या कार्यालयाला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी द्यावीत, पोच घ्यावी. मराठवाड्यातला कार्यकर्ता आणि पश्चिम महाराष्ट्रातला कार्यकर्ता यांच्यात फोनचा दुवा असला तर निम्मे काम होते.

*भीमजयंतीनंतर.* परत आलेल्या बायांशी बोलण्याचा हा काळ. आणि हाच शस्त्रक्रियांचाही काळ, कारण हातात थोडे पैसे आणि थोडा वेळ असतो. कुणाला गर्भाशय काढायला सांगितले असेल तर दुसरे मत घेतल्याशिवाय निर्णय करू नये. त्यासाठी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोनोग्राफी आणि तपासणीचे कागद मागून घ्यावेत. गर्भाशयाचे अनेक त्रास औषधांनी बरे होतात, हे प्रत्येक बाईला माहीत असले पाहिजे.

बोलताना ‘तुला बर्नआउट झालाय का?’ असे विचारून काही कळणार नाही. झोप लागते का, सकाळी उठल्यावर अंग हलके वाटते का, पूर्वी आवडायचे ते आता आवडते का, कधी जीव नकोसा वाटतो का, असे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर बाईला एकटे सोडू नये आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. टेली-मानस ही मोफत सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि महिलांच्या मदतीसाठी १८१ हे क्रमांक प्रत्येक टोळीच्या फोनमध्ये साठवून द्यावेत.

मागण्या नेमक्या काय असाव्यात?

पुढच्या दरवाढीच्या वाटाघाटी होतील, तेव्हा टनाच्या दराबरोबर पुढील गोष्टीही टेबलावर आल्या पाहिजेत.

१. स्त्री आणि पुरुष यांची कामगार म्हणून वेगळी नोंद आणि बाईची मजुरी तिच्या खात्यात.

२. आठवड्याला एक भरपगारी सुट्टी, आणि आजारपण किंवा पाळीच्या दिवसांतील खाड्यावर दंड लावण्यास बंदी.

३. प्रत्येक तळावर शौचालय, न्हाणीघर, पाणी, दिवा आणि पाळणाघर. त्याची जबाबदारी मुकादमावर न ढकलता कारखान्यावर.

४. गरोदर बाईला मोळी वाहण्याच्या आणि गाडी भरण्याच्या कामातून सूट, प्रसूतीनंतर मजुरीसह विश्रांती.

५. रात्रीच्या भरणीला मर्यादा किंवा वेगळा, वाढीव दर.

६. वाटाघाटीच्या बैठकीत ऊसतोड महिलांच्या प्रतिनिधी.

यातली एकही मागणी जगावेगळी नाही. गिरणी आणि खाण कामगारांना यातल्या कितीतरी गोष्टी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कायद्याने मिळाल्या. फडावरची बाई त्या कायद्याच्या बाहेर राहिली, कारण तिला कामगार न म्हणता जोडीतला अर्धा कोयता म्हटले गेले. यंदाच्या वर्षावासात आपल्या गावातल्या ऊसतोड बायांची यादी करायला बसाल, तेव्हा प्रत्येकीचे पूर्ण नाव स्वतंत्र ओळीवर लिहा. कामाची सुरुवात तिथून होते.